घण, जिओफोन आणि बारा मीटरवरचा कातळ

दिवस पहिला

नदीकाठच्या गाळाच्या सपाटीवर आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागले होते आणि वारा चांगलाच सुटला होता. सात दिवसांच्या या दौऱ्यात दोन कामे करायची होती. या सपाटीवर पाण्यासाठी विंधन विहीर नेमकी कोठे घ्यावी हे ठरवणे, हे पहिले. आणि येथून काही अंतरावर, नदी जेथे कातळातून वाट काढते तेथे, नियोजित पुलाच्या पायाखालचा खडक तपासणे, हे दुसरे. दोन्ही कामांना साहित्य एकच होते : आठ किलोचा घण, जाड पोलादी प्लेट, जमिनीत रोवून तिचे कंपन पकडणारे चोवीस जिओफोन, त्यांना जोडणारी केबल आणि जमिनीची थरथर टिपणारा सिस्मोग्राफ.

या पद्धतीला अपवर्तन पद्धत म्हणतात आणि तिचे मूळ सोपे आहे. प्लेटवर घण पडला की निघालेले कंपन सर्व दिशांनी पसरते. त्यातील काही वरच्या मातीतून सरळ जिओफोनपर्यंत येते. काही खाली उतरून अधिक वेगवान थराच्या माथ्यालगत धावते आणि धावताना वरच्या दिशेने सतत ऊर्जा सोडत जाते. जवळच्या जिओफोनवर मातीतून आलेले कंपन आधी पोहोचते. दूरच्या जिओफोनवर मात्र खालून वळसा घेऊन आलेले कंपन बाजी मारते, कारण तो रस्ता लांबचा असला तरी वेगाचा असतो. हा पालट किती अंतरावर होतो, यावरून वेगवान थराची खोली काढता येते. लुडगर मिन्ट्रोप यांनी १९१९ साली जर्मनीत पेटंटसाठी मांडलेली कल्पना याच तत्त्वावर उभी होती. पुढे तेलाच्या शोधात मिठाचे घुमट हुडकण्यासाठी ती स्फोटके वापरून राबवली गेली; उथळ कामाला घणाचा ठोका पुरतो.

पहिली दुपार यंत्र न उघडता, जिओफोन ज्या रेषेत रोवायचे केवळ त्या रेषेवरून चालण्यात गेली आणि ती तशीच जायला हवी, असे माझे ठाम मत आहे. कुठे झाडांची मुळे आहेत, कुठे भराव टाकलेला आहे, कुठला पंप चालू असतो, तारेच्या कुंपणाचे खांब वाऱ्याने किती हलतात, हे सगळे वहीत उतरवले. सपाटीच्या एका टोकाला एक जुनी विहीर होती. तिच्यात फीत सोडली तेव्हा पाणी जमिनीपासून ५.८ मीटरवर लागले. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवला, कारण यंत्राच्या उत्तराची परीक्षा घेण्यासाठी जमिनीने स्वतःहून दिलेला असा एखादा आकडा हाताशी असणे फार मोलाचे असते.

शेवटी लेव्हलने रेषेवरील प्रत्येक खुंटीची उंची घेतली. वरवर पाहता जमीन सपाट होती, तरी दोन खुंट्यांमध्ये ३० सेंटिमीटरचा फरक निघाला. वरच्या सैल मातीत कंपनाचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरला तर एवढ्याशा फरकानेही सुमारे दोन तृतीयांश मिलिसेकंदाने वेळ बदलते, आणि आम्ही तर अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत वेळ वाचण्याची अपेक्षा धरून होतो.

दिवस दुसरा

पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून उजाडण्यापूर्वीच रेषेवर आलो. चार मीटर अंतराने चोवीस जिओफोन म्हणजे ९२ मीटरची रेषा होते. जितक्या खोलीपर्यंत पाहायचे असेल त्याच्या चार ते पाच पट लांब रेषा लागते, असा ढोबळ नियम आहे. येथे कातळ २० मीटरच्या आसपास असावा असा अंदाज असल्यामुळे ही लांबी पुरेशी, पण जेमतेमच होती. म्हणून दोन्ही टोकांच्या बाहेर आणखी ३० मीटरवरूनही ठोके घ्यायचे ठरवले.

जिओफोन रोवणे हे काम दिसायला किरकोळ आहे, पण सगळ्या नोंदीची प्रत त्यावर अवलंबून असते. मूठभर आकाराच्या डबीत स्प्रिंगवर टांगलेली तारेची गुंडाळी आणि तिच्यासाठी एक चुंबक, एवढाच या उपकरणाचा संसार. जमीन हलली की डबी आणि चुंबक हलतात, गुंडाळी जागच्या जागी राहू पाहते आणि या सापेक्ष हालचालीतून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मी गुडघ्यावर बसून एकेक जागा साफ केली : आधी गवत उपटले, मग वरची दोन बोटे भुसभुशीत माती बाजूला केली, घट्ट माती लागल्यावर जिओफोनचा खिळा तळहाताच्या दाबाने सरळ आत घातला आणि डबी बोटाने हलवून पाहिली. ती किंचितही डुलली तर पुन्हा काढून शेजारी रोवली. केबलला टेकलेली गवताची एक काडीसुद्धा वाऱ्याने थरथरून त्या मार्गिकेवर, म्हणजे त्या जिओफोनच्या नोंदीवर, करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटवते, म्हणून केबल जमिनीलगत नीट बसवली.

पहिला ठोका रेषेच्या आरंभी, पहिल्या जिओफोनच्या शेजारी दिला. एका ठोक्याची नोंद दूरच्या जिओफोनवर गोंगाटात बुडालेली असते. म्हणून त्याच जागी अनेक ठोके मारून त्यांच्या नोंदींची बेरीज करतात. खरे कंपन दर वेळी त्याच क्षणी येते आणि बेरजेत वाढत जाते, तर गोंगाट स्वैर असल्याने तितका वाढत नाही. सोळा ठोक्यांनंतर कंपनाचे गोंगाटाशी असलेले प्रमाण चौपट सुधारते; त्याहून दुप्पट सुधारणा हवी असेल तर चौसष्ट ठोके लागतात. घण मारणाऱ्याच्या खांद्यांचा विचार करता सोळावर थांबणे शहाणपणाचे ठरते. ठोका सुरू असताना रेषेवर कोणीही पाऊल उचलत नाही. सगळे जण होते तेथे स्तब्ध उभे राहतात.

पडद्यावर चोवीस रेघा उमटल्या की प्रत्येक रेघ पहिल्यांदा शांत पातळी सोडून कुठे वळते, तो क्षण वाचायचा असतो. सगळी मदार या पहिल्या वळणावर असते, आणि ते वळण नेहमी फिकट असते. त्याच्या मागोमाग येणारी मोठी कंपने डोळ्याला लगेच दिसतात. तीच पहिली समजून वाचली तर वेग कमी निघतो. रॉबर्ट मॅलेट यांनी १८४९ साली आयर्लंडमधील किलिनीच्या किनाऱ्यावर बंदुकीची दारू उडवून कंपनाचा वेग मोजला, तेव्हा पाऱ्याच्या पृष्ठभागावरील प्रतिबिंब थरथरले की कंपन आले, अशी त्यांची रीत होती. वाळूत त्यांना सेकंदाला सुमारे २५० मीटर वेग मिळाला, पण ग्रॅनाइटमध्येही तो ५०० मीटरच्या आसपासच निघाला. ग्रॅनाइटमध्ये खरा वेग याच्या कितीतरी पट असतो. पाऱ्याला पहिले फिकट कंपन जाणवत नव्हते, नंतरचे ठळक तेवढे दिसत होते. मॅलेट यांच्याविषयी मला अपार आदर आहे, कारण जमिनीला मुद्दाम हलवून तिचे उत्तर मोजायचे, हा विचार त्यांनी हाताशी तसे साधन नसताना प्रत्यक्षात आणला. आजही वेळा वाचताना मी रेघ मोठी करून पाहतो आणि ठळक वळणाच्या आधी एखादे बारीक वळण दडलेले नाही ना, याची दोनदा खात्री करतो.

आरंभीच्या टोकाच्या वेळा आलेखावर मांडल्या तेव्हा चित्र सुरेख उमटले. पहिल्या जिओफोनांवरून मातीचा वेग सेकंदाला ४५० मीटर निघाला. १६ मीटरवर, म्हणजे पाचव्या जिओफोनपाशी, आलेखातील रेषेचा चढ एकदम कमी झाला आणि पुढे १,६०० मीटरचा वेग दिसू लागला. ४४ मीटरच्या पुढे तिसरा टप्पा लागला, त्याचा वेग ४,२०० मीटर. पहिल्या पालटाच्या अंतरावरून दुसऱ्या थराची खोली सहा मीटर येते. विहिरीतले पाणी ५.८ मीटरवर होते.

आनंद व्हावा असा हा क्षण होता, पण तो फार टिकला नाही. दुसऱ्या टोकाचे ठोके घेऊन वेळा वाचल्या, तेव्हा त्या एकमेकींशी जुळेनात. एका टोकाला ठोका देऊन दुसऱ्या टोकाला लागलेली वेळ आणि उलट दिशेने लागलेली वेळ सारखीच असली पाहिजे, कारण कंपनाचा मार्ग तोच असतो, फक्त दिशा उलटलेली असते. आरंभीच्या टोकाकडून ही वेळ ६५ मिलिसेकंद आली होती, उलट दिशेने ७१. सहा मिलिसेकंदांचा हा फरक जमिनीचा असूच शकत नव्हता. मग यंत्राकडे वळलो. घणाच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधलेला ट्रिगर ठोक्याच्या क्षणी यंत्राला 'आता मोज' असा इशारा देतो. त्याची तार चिकटपट्टीखाली आतून तुटत आली होती आणि दर ठोक्याला कधी लगेच, कधी अडखळत जोडली जात होती. म्हणजे सोळा ठोक्यांची बेरीज करताना आम्ही सोळा वेगवेगळे आरंभक्षण एकमेकांवर रचत होतो. त्या टोकाच्या सगळ्या नोंदी रद्द केल्या. ट्रिगर आदल्या संध्याकाळी मीच बांधला होता, त्यामुळे नवी तार जोडून, प्रत्येक जिओफोन पुन्हा तपासून, सबंध टोक नव्याने घेण्याचे काम दुपारच्या वाऱ्यात मीच अंगावर घेतले. संध्याकाळी उलट दिशेची वेळ ६५.५ मिलिसेकंद आली, तेव्हा वही मिटली.

दिवस तिसरा

१,६०० मीटर हा आकडा पाण्याचा आहे, असे म्हणण्याचा मोह सर्वांना होतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो आणि पाण्याने पूर्ण भरलेल्या गाळाचा वेग त्याच्या जरासा वरच राहतो, हे खरे आहे. मात्र घट्ट मुरूम, अर्धवट कुजलेला खडक किंवा चुन्याने जखडलेली वाळू पूर्ण कोरडी असतानाही याच वेगाची असू शकते. वेगाच्या आकड्याला खडकाचे नाव देऊन मोकळे होणे, ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे, असे मी अनेक अहवाल वाचून म्हणतो.

सुदैवाने पाण्याची शहानिशा करायला दुसरा मार्ग आहे. आतापर्यंत आम्ही वापरले ते दाबाचे, म्हणजे पी तरंग होते. आडव्या धक्क्याचे एस तरंग कणांच्या सांगाड्यातूनच जातात, कारण पाण्याला आडव्या ताणाविरुद्ध मुळीच ताठरपणा नसतो. त्यामुळे कोरड्या वाळूतून ओल्या वाळूत शिरताना पी तरंगांचा वेग तिपटी-चौपटीने वाढतो, पण एस तरंगांच्या वेगात जवळपास फरक पडत नाही. घट्ट थर लागला असता तर दोघांचेही वेग वाढले असते.

सकाळी उभे जिओफोन काढून आडवे रोवले. एक जाड लाकडी वासा रेषेला काटकोनात जमिनीवर ठेवला, त्यावर गाडीची दोन चाके चढवून तो घट्ट दाबला आणि त्याच्या डाव्या टोकावर घणाचे आडवे ठोके घेतले, मग उजव्या टोकावर. डावीकडचा आणि उजवीकडचा ठोका यांत एस तरंगाची दिशा उलटते, पी तरंगाची उलटत नाही. दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवल्या की एकाच क्षणी एक रेघ वर आणि दुसरी खाली जाते आणि आरशातल्या प्रतिमेसारखी जोडी उघडी पडते. या पद्धतीत एस तरंगाचे आगमन ओळखण्याचा याहून विश्वासू पुरावा मला माहीत नाही.

वेग निघाला सेकंदाला २१० मीटर, आणि जेथे पी तरंगांच्या आलेखाला ठळक कोन आला होता त्या खोलीवर एस तरंगांच्या आलेखात तसा कोन नव्हता. म्हणजे सहा मीटरवरचा माथा हा पाण्याचाच आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : गाळाच्या पोकळ्यांत हवेचा अगदी थोडा अंश उरला तरी पी तरंगांचा वेग पुष्कळ खाली राहतो, म्हणून हा माथा पूर्ण भरलेल्या थराचा असतो; त्याच्या वरचा ओलसर पट्टा या मापात येत नाही.

उरलेला दिवस कातळाचा माथा काढण्यात गेला. डच भूभौतिकशास्त्रज्ञ हागेडोर्न यांनी १९५९ साली मांडलेल्या अधिक-उणे पद्धतीत प्रत्येक जिओफोनवर दोन्ही टोकांकडून आलेल्या वेळांची बेरीज करून तीतून टोक-ते-टोक वेळ वजा करतात, आणि जे उरते त्यावरून नेमक्या त्या जिओफोनखालची खोली मिळते. आदल्या दिवशी सहा मिलिसेकंदांसाठी मी का हट्ट धरला, ते येथे कळते. ती चूक राहिली असती तर कातळाचा माथा सबंध रेषेवर खोटाच आला असता. हिशेबाअंती रेषेच्या दोन्ही टोकांना कातळ १७ मीटरच्या आसपास आणि पंधराव्या ते सतराव्या जिओफोनखाली २४ मीटरवर निघाला. ही नदीची जुनी, गाळाने बुजलेली घळ असावी. पाण्याने भरलेला थर तेथे सर्वांत जाड होता, म्हणून सोळाव्या जिओफोनच्या जागी खुंटी ठोकून विंधनासाठी ती जागा सुचवली. त्या थरात वाळू किती आणि चिकणमाती किती, हे मात्र वेगावरून सांगता येत नाही; पाण्याने भरलेली चिकणमाती पी तरंगांना वाळूसारखीच दिसते, आणि विहिरीला पाणी मात्र ती देत नाही. अहवालात हे वाक्य मी ठळक लिहिले.

दिवस चौथा

पुलाच्या जागी मुक्काम हलवला. येथे नदी दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या दरडींमधून वाहते आणि वरचा मातीचा थर जेमतेम तीन मीटरचा आहे. पाऊस भुरभुरत असल्यामुळे मोजणी शक्य नव्हती, कारण पावसाचा प्रत्येक थेंब जिओफोनच्या लेखी ठोकाच असतो. म्हणून दिवसभर दरडीच्या पायथ्याने चालत राहिलो.

पुलाच्या रेषेपासून सुमारे ३०० मीटर खालच्या अंगाला दरडीत एक आडवी खोबण दिसली. वरचा पाषाण घट्ट, मोठ्या सांध्यांचा, आणि त्याच्याखाली तांबूस, हाताने चुरगळणारी पट्टी, जी नदीने पोखरून आत ढकलली होती. त्यामुळे वरचा कातळ छज्ज्यासारखा पुढे आला होता. लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक साचतात, तेव्हा दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या प्रवाहाचा माथा हवेने-पाण्याने कुजतो, आणि पुढचा प्रवाह येऊन तो कुजलेला माथा झाकून टाकतो. अशा पट्ट्या कुठे बोटभर, तर कुठे काही मीटर जाडीच्या असतात आणि सलग असतीलच असे नाही. मी खोबणीचा फोटो घेतला, तिची उंची मोजली आणि पट्टी पुलाच्या जागेपर्यंत पोहोचत असल्यास जमिनीखाली आठ-नऊ मीटरवर यायला हवी, असे टिपून ठेवले.

दिवस पाचवा

पाऊस थांबला. पाच मीटर अंतराने ११५ मीटरची रेषा टाकली आणि टोकांबाहेर ५० मीटरपर्यंत ठोके घेतले. पहिल्या नजरेत निकाल असा होता की पाहणारा अभियंता खूश व्हावा. मातीचा वेग ५०० मीटर, आणि तीन मीटर खोलीवर ३,५०० मीटर वेगाचा थर. बुलडोझरच्या दात्याने फाडता येणाऱ्या खडकाची मर्यादा यंत्रावर आणि सांध्यांवर अवलंबून असली तरी ढोबळमानाने २,००० मीटरच्या आसपास असते. त्याच्या कितीतरी वरचा हा वेग होता. पायासाठी तीन मीटरवर पक्का कातळ, असे कोणीही म्हटले असते. दूरच्या ठोक्यांवरून ५,२०० मीटर वेगाचा आणखी खालचा थर दिसला आणि त्याची खोली हिशेबाने २१ मीटर आली. म्हणजे वरचा ३,५०० चा कातळ अठरा मीटर जाड!

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. कातळातून येणारे पहिले कंपन ५० मीटरच्या पुढे झपाट्याने फिकट होत गेले, आणि ६० मीटरपाशी ते नाहीसे होऊन त्याच्या जागी नवे आगमन सुमारे दोन मिलिसेकंद उशिरा सुरू झाले. आलेखावर कौलांच्या ओळीसारखी एक पायरी पडली. अठरा मीटर जाड कातळाच्या माथ्यावरून धावणारे कंपन इतक्या लवकर मरत नाही. ते मरते तेव्हा बहुधा कातळ पातळ असतो, आणि त्याची ऊर्जा खालच्या मऊ थरात झिरपून जात असते.

अपवर्तनाची ही मूळ मर्यादा आहे आणि तिच्यावर गणिताने मात करता येत नाही. वेगवान थराखाली मंद थर आला की कंपन त्यात शिरताना लंबाकडे वळते, त्याच्या माथ्यालगत धावून वर परतत नाही. म्हणून पहिल्या आगमनांत त्या थराची खूणच उरत नाही. तो दिसत तर नाहीच, शिवाय त्यात गेलेला वेळ वरच्या कातळाच्या नावावर जमा होतो. चार मीटरच्या १,४०० वेगाच्या थरात जितका वेळ जातो, तितका वेळ ३,५०० च्या वेगाने भरून काढायचा तर कातळ हिशेबात तेरा मीटर फुगवावा लागतो. रात्री मी कालची वही उघडली, खोबणीच्या मोजमापावरून ३ ते ८ मीटर कातळ, ८ ते १२ मीटर मंद थर आणि खाली ताजा पाषाण, असे धरून उलट गणित केले. येणाऱ्या वेळा दिवसभराच्या नोंदींशी जुळल्या. आणि २१ मीटरचे उत्तरही त्याच वेळांशी जुळत होते! एकच आलेख दोन सर्वस्वी भिन्न जमिनींचा असू शकतो, हे पुस्तकात वाचलेले असते; पायाची खोली ठरायच्या आदल्या रात्री ते स्वतःच्या वहीत पाहणे निराळेच असते.

दिवस सहावा

निवाडा करायला पृष्ठतरंग घेतले. उभ्या ठोक्याची सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा, लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली गणिताने दाखवून दिलेल्या पृष्ठतरंगांत जाते. अपवर्तनाच्या कामात आम्ही तिला गोंगाट म्हणून बाजूला सारतो. लांब तरंग खोलपर्यंत जमीन हलवतात, आखूड तरंग वरच्यावर राहतात, त्यामुळे प्रत्येक वारंवारितेचा वेग वेगवेगळ्या खोलीची बातमी आणतो. यात मंद थर दडून राहू शकत नाही, निदान पूर्णपणे तरी नाही. अनेक जिओफोनांवर एकाच वेळी हे वेग मोजण्याची आज रूढ असलेली बहुमार्गिका पद्धत पार्क, मिलर आणि झिया यांनी १९९९ साली मांडली.

त्यासाठी ४.५ हर्ट्झचे जिओफोन लावले, कारण नेहमीचे जिओफोन संथ कंपनांना पुरेसे जागत नाहीत. ठोका पहिल्या जिओफोनपासून दहा मीटर मागे दिला. साधारण जमिनीत वारंवारिता जसजशी उतरते तसतसा वेग चढत जातो. येथे तो आधी चढला, २५ ते १८ हर्ट्झच्या दरम्यान खाली आला आणि त्याखाली पुन्हा चढू लागला. तो खड्डा पडद्यावर दिसला तेव्हा आमच्या गटातील सर्वांत तरुण मुलीने, जिने पाच दिवस निमूटपणे केबल वाहिली होती, विचारले, "सर, म्हणजे मधे मऊ आहे ना?" मी म्हटले, "मऊ आहे, पण किती जाड आणि नेमके कुठून कुठवर, हे यातून धूसरच कळते. उद्या कोअर, म्हणजे विंधनातून वर येणारा खडकाचा दंडगोल, सांगेल." घट्ट आणि मऊ थर असे आलटून-पालटून आले की पृष्ठतरंगांचे निरनिराळे प्रकार एकमेकांत मिसळतात आणि वळण वाचणे अवघड होते, तिला ते तिथेच पडद्यावर दाखवले.

आणखी एक हिशेब त्याच संध्याकाळी केला. भूकंपरोधक रचनेत वरच्या ३० मीटरमधील एस तरंगांचा सरासरी वेग पाहतात, आणि अमेरिकी संहितेच्या जुन्या आवृत्त्यांत तो ७६० मीटरच्या वर असला तर जागा खडकाची मानत. आमच्या रेषेवर, मऊ थर धरूनही, ही सरासरी ९८० च्या आसपास आली. सरासरीच्या दृष्टीने जागा उत्तम होती आणि तिच्या पोटात चार मीटरची कुजकी पट्टी होती. भूकंपाच्या हादऱ्याचा अंदाज बांधायला ही सरासरी योग्य आहे. पायाचे भवितव्य तिच्यावर सोपवता येत नाही.

दिवस सातवा

विंधनयंत्र सकाळी आठला सुरू झाले. माती ३.१ मीटरला संपली आणि घट्ट पाषाणाचे लांबलचक, गुळगुळीत दंडगोल वर येऊ लागले. खोक्याच्या पहिल्या दोन ओळी त्यांनी भरल्या. ८.२ मीटरवर धुण्याचे पाणी एकदम तांबूस झाले. त्यानंतरच्या नळीतून दंडगोल आलाच नाही. तांबडे खडे, बोटांनी चुरा होणारी ढेकळे आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या भोकांचे सच्छिद्र तुकडे आले, आणि दीड मीटरच्या नळीत जेमतेम हातभर माल होता. तरुण सहकारी ते तुकडे खोक्यात ओळीने लावत होती, आणि जेथे काहीच आले नाही तेथे लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहीत होती. १२ मीटरपासून पुन्हा ताजा, जड, निळसर काळा पाषाण सुरू झाला.

दुपारी सपाटीवरच्या विंधनाचाही निरोप आला. सोळाव्या खुंटीशी कातळ २२.३ मीटरवर लागला. आम्ही २४ सांगितला होता, आणि एवढी चूक या पद्धतीत स्वीकारावीच लागते. पाण्याने भरलेल्या थराचा वरचा अर्ध्याहून अधिक भाग चिकणमातीचा निघाला, खालचे सात मीटर मात्र वाळू आणि गोट्यांचे. जाळीचा पाइप त्या सात मीटरमध्येच बसवावा, असे आम्ही लगेच कळवले.

पुलाच्या अहवालात तीन मीटरवरचा उघडा पाया नाकारण्याची शिफारस मी केली नाही. तो निर्णय रचनाकारांचा आहे. कातळाची पाटी पाच मीटरची आहे, तिच्याखाली चार मीटर कुजलेला थर आहे, तो थर खालच्या अंगाला दरडीत उघडा पडला असून नदी तो पोखरते आहे, आणि पाण्याचा ओघ पायाखाली पोहोचण्याची शक्यता तपासावी, एवढे मोजमापांसह लिहिले. एक प्रश्न मात्र शिल्लक होता. समोरच्या काठावर ही पट्टी आहे की नाही, हे एका बोअरवरून कळत नव्हते, आणि दिवसाचा दीड तास उजेड बाकी होता. केबल आणि जिओफोन डोक्यावर घेऊन आम्ही नदीच्या उथळ पात्रातून पलीकडे गेलो, माती साफ करून चोवीस खिळे रोवले आणि वारा पडायची वाट पाहिली. तिसऱ्याच ठोक्याला अकराव्या जिओफोनपासून पुढे पहिले कंपन फिकट होऊ लागले आणि तेराव्यावर तीच पायरी दिसली.